मुलाची कमाई मुलाच्या नावावर : कूगन कायद्याची वाटचाल

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात आज एखादे मूल कॅमेऱ्यासमोर काम करते, तेव्हा त्याच्या एकूण मेहनतान्यातील १५ टक्के रक्कम पालकांच्या हाती न पडता थेट त्या मुलाच्या राखीव खात्यात जमा होते. या खात्याला तेथे ‘कूगन खाते’ म्हणतात आणि ते ज्या कायद्याने आले, त्याला कूगन कायदा. १९३९ साली संमत झालेल्या या कायद्याने ऐंशीहून अधिक वर्षांचा पल्ला गाठला आहे. ज्याच्या नावाने तो ओळखला जातो, तो जॅकी कूगन म्हणजे हॉलिवूडच्या मूकपटांच्या जमान्यातील पहिला जगप्रसिद्ध बालनट. त्याने लाखो डॉलर कमावले आणि सज्ञान झाल्यावर त्यातले फारसे काहीच त्याच्या हाती लागले नाही. त्याच्या फिर्यादीतून कायदा जन्माला आला, पण तोवर त्याचे स्वतःचे बालपण कधीच सरले होते. म्हणून या कायद्याची हकिकत सांगायची तर आधी त्या मुलाचीच हकिकत सांगावी लागते.

जॅकीचा जन्म २६ ऑक्टोबर १९१४ रोजी लॉस एंजेलिस येथे झाला. वडील जॅक कूगन हे नर्तक आणि नट, तर आई लिलियन हिचेही आयुष्य रंगमंचाच्या आसपासच गेलेले. त्या काळी अमेरिकेत व्होडव्हिलचा जोर होता. गाणे, नाच, नकला, कसरती, जादू असे छोटे छोटे तुकडे एकत्र गुंफून केलेला हा खेळ शहरोशहरी हिंडत असे आणि कलावंतांचे संसार ट्रंकांतून त्याच्याबरोबर हिंडत. आपल्याकडे फडावर वाढणारी मुले जशी बोलायला लागण्याआधी तालावर पाय टाकू लागतात, तसाच जॅकी वडिलांच्या खेळाच्या शेवटी रंगमंचावर येऊन नाचू लागला. १९१७ च्या ‘स्किनर्स बेबी’ या मूकपटात तो ओझरता दिसला होता. पण त्याच्या आयुष्याला खरी कलाटणी मिळाली ती १९१९ मध्ये.

त्या वर्षी चार्ली चॅप्लिन मनाने खचलेले होते. त्यांचा पहिला मुलगा जुलैमध्ये जन्मानंतर तीनच दिवसांत दगावला होता. नवी कल्पना सुचत नव्हती. अशा अवस्थेत लॉस एंजेलिसच्या ऑर्फियम नाट्यगृहात त्यांनी कूगन पिता-पुत्रांचा खेळ पाहिला. वडिलांचा नाच संपल्यावर चार वर्षांचे पोर पुढे आले, नाचले, प्रेक्षकांना अभिवादन करून निघून गेले, आणि ते चॅप्लिन यांच्या मनातून काही जाईना. पुढे विनोदी नट रॉस्को आर्बकल यांनी कूगनला करारबद्ध केल्याची बातमी कानावर आली, तेव्हा संधी हुकली म्हणून ते हळहळले. चौकशी केली तर आर्बकल यांनी घेतले होते ते मुलाला नव्हे, वडिलांना. चॅप्लिन यांनी लगोलग वडिलांना गाठले आणि त्यांनी आनंदाने होकार दिला. ‘अ डेज प्लेझर’ या छोट्या चित्रपटात जॅकीला एक किरकोळ भूमिका देऊन चॅप्लिन यांनी त्याचा अंदाज घेतला आणि मग ‘द किड’ सुरू झाला. जॅकीचा पगार ठरला आठवड्याला ७५ डॉलर.

‘द किड’ची कथा साधी आहे. टाकून दिलेले एक तान्हे मूल एका भणंगाच्या हाती येते, तो ते वाढवतो आणि पाच वर्षांनी दोघे मिळून पोट भरू लागतात. पोर गल्लीत पुढे जाऊन खिडकीच्या काचांवर दगड मारते. मागाहून पाठीवर काचांची तावदाने बांधलेला भणंग, जणू सहज वाटेने चालला आहे अशा थाटात, दुरुस्तीला हजर होतो. एकदा दगड मारायला हात मागे नेताना पोराचा हात नेमका मागे उभ्या असलेल्या पोलिसाला लागतो. तो हात हळूच खाली घेण्यातला, दगड निष्काळजीपणे हवेत उडवून झेलण्यातला आणि मग धूम ठोकण्यातला जॅकीचा हिशेबीपणा आजही पाहणाऱ्याला थक्क करतो. चॅप्लिन एखादी हालचाल करून दाखवत आणि तो ती नुसती उचलत नसे, तिच्यात आपले काही घालून परत देत असे. चित्रपट पूर्ण व्हायला वर्षाहून अधिक काळ लागला. चॅप्लिन यांच्या घटस्फोटाच्या भानगडीत चित्रफितीवर जप्ती येऊ नये म्हणून तिची डबडी गुपचूप सॉल्ट लेक सिटीला नेऊन हॉटेलच्या खोलीत संकलन करावे लागले. २१ जानेवारी १९२१ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये पहिला खेळ झाला आणि त्यानंतर जॅकी कूगन हे नाव घरोघर पोहोचले.

या चित्रपटातील सर्वांत गाजलेला प्रसंग म्हणजे अनाथालयाचे अधिकारी मुलाला हिसकावून गाडीत घालतात तो. गाडीत उभे राहून, हात पसरून, आकांत करणारा तो चेहरा मूकपटांच्या इतिहासात अजरामर झाला. त्यामागची गोष्ट चॅप्लिन यांनी आपल्या आत्मचरित्रात नोंदवली आहे. चित्रीकरणाच्या दिवशी जॅकी मजेत होता, रडू काही येईना. तेव्हा वडील पुढे आले आणि म्हणाले, हे काम मी बघतो. रडला नाहीस तर तुला खरोखरच अनाथालयात धाडतील, असे त्यांनी मुलाला बजावले. मूल हुंदके देऊ लागले आणि कॅमेरा फिरू लागला. वडील प्रेमळ होते, याविषयी त्या काळच्या कोणी शंका घेतलेली नाही. पण मुलाचे श्रम म्हणजे काय असतात, हे समजून घ्यायला हा एक प्रसंग पुरेसा आहे. ते अश्रू हे काम होते, त्या कामाला पगार होता, आणि तो पगार कायद्याने मुलाचा नव्हता.

पुढची पाच-सहा वर्षे जॅकीच्या वैभवाची. ‘पेक्स बॅड बॉय’, ‘माय बॉय’, लॉन चेनी यांच्यासह ‘ऑलिव्हर ट्विस्ट’, ‘डॅडी’, ‘सर्कस डेज’ असे चित्रपट एकापाठोपाठ एक आले. १९२३ मध्ये मेट्रो कंपनीने त्याला करारबद्ध केले, तेव्हा सहीपोटीच पाच लाख डॉलर मोजल्याची नोंद आहे. वडिलांनी नाटकसिनेमाचे स्वतःचे काम बाजूला ठेवून मुलाच्या कारभाराला वाहून घेतले आणि ‘जॅकी कूगन प्रॉडक्शन्स’ ही कंपनी काढली. जॅकीच्या नावाच्या बाहुल्या, शिट्ट्या, वह्या, एवढेच काय शेंगदाण्याचे लोणीही बाजारात आले. डोक्यावर वाकडी टोपी, ढगळ पाटलोण आणि कपाळावर रुळणारे केस हा वेष अमेरिकेतील शाळकरी मुले हौसेने करू लागली. या सगळ्यात जॅकीला मिळणारा खाऊचा पैसा आठवड्याला सव्वासहा डॉलर होता, असे पुढे सांगितले गेले.

या काळातील एक गोष्ट ठळकपणे नोंदवायला हवी. पहिल्या महायुद्धानंतर आर्मेनिया, ग्रीस आणि आसपासच्या प्रदेशांत हजारो मुले पोरकी झाली होती. त्यांच्यासाठी झटणाऱ्या ‘निअर ईस्ट रिलीफ’ या संस्थेच्या वतीने १९२४ मध्ये नऊ वर्षांचा जॅकी अमेरिकेतील शहरांतून फिरला. कपडे, दूध, धान्य अशी दहा लाख डॉलरहून अधिक किमतीची मदत गोळा झाली आणि ती घेऊन तो युरोपात गेला. ग्रीसमधील अनाथ मुलांना भेटला. रोममध्ये पोप अकरावे पायस यांनी त्याला भेट दिली. पडद्यावर ज्याने अनाथ मूल उभे केले, त्याने खऱ्या अनाथ मुलांसाठी केलेले हे काम त्याच्या चित्रपटांइतकेच मोलाचे आहे.

बालनटाचे वैभव त्याच्या उंचीबरोबर ओसरते. जॅकी बारा वर्षांचा झाल्यावर त्याचे ते प्रसिद्ध केस कापावे लागले आणि कंपनीने त्याचाही गाजावाजा करून १९२७ मध्ये ‘जॉनी गेट युअर हेअर कट’ हा चित्रपट काढला. त्यानंतर कामे आटत गेली. बोलपटांच्या आरंभी ‘टॉम सॉयर’ (१९३०) आणि ‘हकलबरी फिन’ (१९३१) यांमधून त्याने पुनरागमन केले. त्यानंतर तो शिक्षणाकडे वळला. कुटुंबाची मालमत्ता मोठी होती आणि एकवीस वर्षांचा झाल्यावर ती आपली होणार, हे त्याने गृहीत धरले होते.

४ मे १९३५ रोजी मेक्सिकोतील शिकारीवरून परतताना सॅन दिएगोजवळच्या डोंगरी रस्त्यावर कूगन पिता-पुत्रांची मोटार उलटली. जॅकीचे वडील आणि त्यांच्याबरोबरचे तिघे मरण पावले. त्यांत ‘टॉम सॉयर’मध्ये हकलबरी फिनची भूमिका करणारा ज्युनियर डर्किन हा तरुण नटही होता. एकटा जॅकी वाचला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो सज्ञान झाला. पैशाचा विषय काढला की उत्तरे टाळली जाऊ लागली. कुटुंबाचे आर्थिक व्यवहार पाहणारे वकील आर्थर बर्नस्टीन यांच्याशी आईने पुढे विवाह केला आणि कारभाराच्या चाव्या त्या दोघांकडे गेल्या.

११ एप्रिल १९३८ रोजी जॅकी कूगन यांनी आई आणि सावत्र वडील यांच्याविरुद्ध लॉस एंजेलिसच्या न्यायालयात दावा दाखल केला. बालपणीची त्यांची कमाई तीस ते चाळीस लाख डॉलर असल्याचा अंदाज होता. प्रतिवादींचे म्हणणे स्पष्ट होते. कॅलिफोर्नियाच्या दिवाणी कायद्यानुसार अज्ञान मुलाची कमाई पालकांची असते आणि मुलाला काही देण्याचे वचन कोणी दिलेले नव्हते. कॅमेऱ्यासमोर खेळणे हे मुलाला कष्ट वाटत नव्हते, असाही युक्तिवाद झाला. खटल्याच्या बातम्या देशभर पहिल्या पानावर झळकल्या. ज्या पोराला साऱ्या देशाने आपले मानले होते, ते मोठे होऊन आईसमोर साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहिले, हे अमेरिकन घरांना सहन झाले नाही. दाव्याच्या ओढाताणीत कूगन यांची आर्थिक स्थिती इतकी खालावली की चॅप्लिन यांच्याकडे मदत मागावी लागली. त्यांनी विनाविलंब एक हजार डॉलर दिले. नुकताच झालेला अभिनेत्री बेटी ग्रेबल यांच्याशी विवाहही या काळात टिकला नाही. अखेर १९३९ मध्ये तडजोड झाली. उरलीसुरली मालमत्ता सुमारे अडीच लाख डॉलरची भरली आणि कूगन यांच्या वाट्याला १,२६,००० डॉलर आले.

न्यायालयात जे मिळाले नाही, ते लोकमताने विधिमंडळात मिळवले. १९३९ मध्ये कॅलिफोर्नियात बालकलाकारांसाठीचा कायदा संमत झाला. जुन्या काळच्या या मसुद्याची रचना समजून घेण्याजोगी आहे. अज्ञान व्यक्तीने केलेला करार ती नंतर मोडू शकते, ही निर्मात्यांची जुनी अडचण होती. मुलावर लाखो डॉलर लावायचे आणि तारा झाल्यावर त्याने करार झुगारला, तर काय? त्यामुळे कंपन्या असे करार न्यायालयाकडून मंजूर करून घेत. मंजुरी मिळाली की मुलाला करार मोडता येत नसे. नव्या कायद्याने नेमका हाच क्षण पकडला. करार मंजूर करताना न्यायाधीशांना मुलाच्या निव्वळ कमाईतील निम्म्यापर्यंत भाग विश्वस्त निधीत ठेवण्याचा आदेश देण्याचा अधिकार मिळाला. मुलाच्या श्रमाचे फळ मुलासाठी राखले पाहिजे, हे तत्त्व प्रथमच कायद्याच्या पुस्तकात आले. ही या वाटचालीची मुहूर्तमेढ.

त्याच सुमारास, १९३८ मध्ये, अमेरिकेच्या केंद्र सरकारने बालमजुरीला पायबंद घालणारा श्रमविषयक मोठा कायदा केला. त्यातून चित्रपट आणि नाटकांत काम करणाऱ्या मुलांना वगळण्यात आले. बालतारका शर्ली टेंपल त्या वेळी लोकप्रियतेच्या शिखरावर होती आणि तिला मजूर म्हणायला कोणीच धजत नव्हते. खाणीतील मुलाचे श्रम देशाला दिसले, पडद्यावरच्या मुलाचे दिसले नाहीत. त्यामुळे या मुलांची सगळी भिस्त राज्यांच्या कायद्यांवर राहिली, आणि चित्रपटधंदा कॅलिफोर्नियात असल्याने प्रत्यक्षात एकट्या कूगन कायद्यावर.

पहिल्या कायद्याच्या मर्यादा लवकरच उघड झाल्या. शर्ली टेंपल यांनी बालपणी बत्तीस लाख डॉलरच्या वर कमाई केली होती. मोठेपणी हिशेब पाहिला तेव्हा सुमारे ४४ हजार डॉलर शिल्लक होते. न्यायालयाने निधीत पैसे भरण्याचा आदेश दिला होता. वडिलांनी तो पाळला नव्हता आणि त्यावर देखरेख ठेवणारे कोणी नव्हते. ‘निव्वळ कमाई’ या शब्दांतही मोठी फट होती. कर, वकिलाची फी, दलालाची दलाली, मुलाच्या राहणीचा खर्च हे सगळे वजा झाल्यावर जे उरेल त्यातला हा वाटा होता. आदेश देणे न्यायाधीशांच्या मर्जीवर होते. आणि सर्वांत मूलभूत गोष्ट म्हणजे कमाईची मालकी अजूनही पालकांचीच होती.

दूरचित्रवाणी आल्यावर ही फट खिंडार झाली. पूर्वी मूल एखाद्या स्टुडिओशी सात-सात वर्षांच्या कराराने बांधलेले असे. आता ते एका भागासाठी, एका जाहिरातीसाठी, दोन दिवसांसाठी कामावर येऊ लागले. इतक्या छोट्या कामासाठी करार मंजूर करून घ्यायला न्यायालयात कोण जाणार? आणि न्यायालयात गेल्याशिवाय कायदा लागूच होत नव्हता. अशा रीतीने पुस्तकात कायदा असूनही बहुसंख्य बालकलाकार त्याच्या छत्राबाहेर राहिले. ही परिस्थिती पुढे सुमारे पन्नास वर्षे टिकली, हे मान्य करावे लागते.

ज्यांच्या नावाने कायदा झाला, त्या कूगन यांचे आयुष्य या काळात निराळ्याच वाटेने चालले होते. १९४१ मध्ये ते सैन्यात दाखल झाले आणि पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर ग्लायडर वैमानिक झाले. भारतीय वाचकांना येथे थांबावेसे वाटेल, कारण त्यांच्या लष्करी कारकिर्दीतील सर्वांत धाडसी उड्डाण आपल्या भूमीवरून झाले. आसामातील लालाघाटच्या धावपट्टीवरून ५ मार्च १९४४ च्या रात्री ब्रिटिश जनरल विंगेट यांच्या ‘चिंदित’ नावाच्या छापामार दलाच्या सैनिकांना घेऊन ग्लायडर निघाले आणि जपानी फळीच्या मागे ब्रह्मदेशच्या जंगलातील ‘ब्रॉडवे’ नावाच्या मोकळ्या जागेत उतरले. ग्लायडरला इंजिन नसते. ओढणाऱ्या विमानाचा दोर सुटला की अंधारात एकदाच उतरायचे असते. कित्येक ग्लायडर वाटेत कोसळले, कित्येक झाडांवर आणि ओंडक्यांवर आदळले. या मोहिमेत कूगन यांनी ग्लायडर उतरवला आणि ते सुखरूप परतले.

युद्धानंतर मिळतील ती कामे करत ते तग धरून राहिले. १९६४ ते १९६६ या काळात ‘द ॲडम्स फॅमिली’ या मालिकेतील टकल्या अंकल फेस्टरच्या भूमिकेने त्यांना नव्या पिढीची ओळख मिळवून दिली. तोंडात दिवा धरून पेटवणारा हा विक्षिप्त काका म्हणजेच ‘द किड’मधले पोर, हे अनेक प्रेक्षकांना माहीतही नव्हते. १९७२ मध्ये वीस वर्षांच्या वनवासानंतर चॅप्लिन अमेरिकेत परतले, तेव्हा दोघांची भेट झाली. हरवल्याचे मानला गेलेला कूगन यांचा ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ युगोस्लाव्हियात सापडला आणि त्याच्या पुनर्रचनेला खुद्द त्यांनी हातभार लावला. १ मार्च १९८४ रोजी सांता मोनिका येथे वयाच्या ६९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांचा नातू कीथ हाही बालकलाकार होता. आजोबांच्या मृत्यूनंतर त्याने व्यवसायात कूगन हे आडनाव धारण केले.

जॅकी कूगन यांच्या मृत्यूच्या वेळी कायदा होता तसाच होता. त्याला नवे बळ दिले ते स्वतः बालपण कॅमेऱ्यासमोर घालवलेल्या माणसांनी. यात पहिले नाव घ्यायला हवे डायना सेरा केरी यांचे. बेबी पेगी या नावाने १९२१ पासून त्यांनी दीडशेच्या आसपास छोटे मूकपट केले. ‘द डार्लिंग ऑफ न्यूयॉर्क’च्या चित्रीकरणात पेटत्या खोलीतून बाहेर पडण्याचा प्रसंग होता. दाराला आग लागलेली, आणि ती चिमुरडी प्रसंगावधान राखून खिडकीतून बाहेर आली. वडिलांचे निर्मात्याशी भांडण झाले, काम थांबले, पैसा उधळला गेला आणि एकेकाळची ही लखपती मुलगी कोवळ्या वयातच जमावातल्या भूमिका करून घर चालवू लागली. १९७८ मध्ये ‘हॉलिवूड्स चिल्ड्रन’ या ग्रंथात त्यांनी या सगळ्या मुलांची कहाणी लिहिली आणि २००३ मध्ये जॅकी कूगन यांचे चरित्र सिद्ध केले. कडवटपणाचा लवलेश नसलेले आणि तरीही काहीही न लपवणारे त्यांचे लेखन हा या चळवळीचा भक्कम पुरावा ठरला. १०१ वर्षांचे आयुष्य लाभून २०२० मध्ये त्या निवर्तल्या.

दुसरे नाव पॉल पीटरसन यांचे. ‘द डोना रीड शो’ या मालिकेतून ते लहानपणी प्रसिद्ध झाले होते. जानेवारी १९९० मध्ये त्यांच्याच पिढीतील रस्टी हॅमर या माजी बालकलाकाराने आत्महत्या केली. त्या धक्क्यातून पीटरसन यांनी ‘अ मायनर कन्सिडरेशन’ ही संस्था स्थापन केली. माजी बालकलाकारांना आधार देणे आणि आजच्या मुलांसाठी कायदे सुधारून घेणे, असे दुहेरी काम तिने अंगावर घेतले. याच सुमारास गॅरी कोलमन यांच्या खटल्याचा निकाल लागला. ‘डिफरंट स्ट्रोक्स’च्या या लाडक्या नटाने आईवडील आणि व्यवस्थापक यांच्याविरुद्ध १९८९ मध्ये दावा केला होता. १९९३ मध्ये न्यायालयाने त्यांना १२ लाख ८० हजार डॉलर देवविले. जॅकी कूगन यांच्या दाव्याला पंचावन्न वर्षे झाली होती आणि तक्रार तीच होती. आता जुन्या कायद्याला ठिगळ लावून भागणार नाही, हे सर्वांनाच पटले.

पीटरसन, स्क्रीन ॲक्टर्स गिल्ड ही कलाकारांची संघटना आणि अनेक पालक यांनी चिकाटीने पाठपुरावा केला. राज्याच्या सेनेटमधील ज्येष्ठ नेते जॉन बर्टन यांनी विधेयक मांडले. १९९९ मध्ये गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांनी त्यावर सही केली आणि १ जानेवारी २००० पासून नवा कूगन कायदा अमलात आला. मुलाची कमाई ही मुलाचीच स्वतंत्र मालमत्ता, असे त्याने प्रथमच निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. १९३८ मध्ये जे उत्तर देऊन जॅकी कूगन यांना परत पाठवले गेले होते, ते उत्तर त्या दिवशी कायद्यातून पुसले गेले.

या व्यवस्थेचे रोजचे कामकाज असे चालते. करारावर सह्या झाल्यावर सात कामकाजी दिवसांत पालकाने मुलाच्या नावे बँकेत राखीव विश्वस्त खाते उघडायचे असते आणि त्याचा तपशील निर्मात्याला द्यायचा असतो. तो हाती पडल्यापासून १५ कामकाजी दिवसांत निर्माता रक्कम जमा करतो आणि पुढील प्रत्येक पगारातून ती वळती होत राहते. हिशेब एकूण मेहनतान्यावर होतो, खर्च वजा जाता उरलेल्या रकमेवर नाही. न्यायालयाने करार मंजूर केला असो वा नसो, तरतूद लागू होते. मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत न्यायालयाच्या आदेशाशिवाय त्यातून एक डॉलरही निघत नाही. केवळ जमावात दिसणाऱ्या मुलांना मात्र यातून वगळले आहे. उरलेले ८५ टक्केही मुलाचेच असतात आणि ते सांभाळण्याची जबाबदारी पालकांवर असते. पण पोलादी कुलूप आहे ते १५ टक्क्यांनाच, आणि हा वाटा वाढायला हवा, ही पीटरसन यांच्यासारख्यांची भूमिका रास्तच आहे.

कूगन कायद्याच्या जोडीला कॅलिफोर्नियात कामाच्या तासांचे नियमही कडक आहेत. १५ दिवस ते सहा महिने वयाच्या तान्ह्या बाळाला चित्रीकरणस्थळी दिवसाला दोन तासांपेक्षा अधिक ठेवता येत नाही. त्यातही कॅमेऱ्यासमोरचे काम केवळ २० मिनिटे, आणि प्रखर प्रकाश एका वेळी ३० सेकंदांहून अधिक नाही. शाळकरी मुलांसाठी स्टुडिओवर शिक्षक नेमलेला असतो. त्या शिक्षकाचे काम पाढे आणि व्याकरण यांपुरते नसते. मुलाच्या आरोग्याला किंवा मनाला अपाय होत आहे असे दिसले, तर चित्रीकरणातून मुलाला बाहेर काढण्याचा अधिकार त्याला आहे. हुंदके देणाऱ्या जॅकीच्या शेजारी असा कोणी उभा नव्हता.

कॅलिफोर्नियाच्या मागोमाग न्यूयॉर्कने २००३ मध्ये बालकलाकारांच्या शिक्षणाचा आणि विश्वस्त निधीचा कायदा केला. इलिनॉय, लुइझियाना, न्यू मेक्सिको या राज्यांनीही अशी खाती आवश्यक ठरवली. ज्यांच्या खात्यांचा तपशील मिळत नाही अशा मुलांचे पैसे बेवारस पडू नयेत, म्हणून कलावंतांच्या मदतीसाठी असलेल्या ‘ॲक्टर्स फंड’ या संस्थेकडे ते सोपवण्याची सोय झाली. या काळात कामाचे स्वरूप पुन्हा बदलले. घराघरांतून पालकच मुलांच्या चित्रफिती काढून इंटरनेटवर टाकू लागले आणि त्यातून मोठी कमाई होऊ लागली. येथे स्टुडिओ नाही, करार नाही, शिक्षक नाही. निर्माता आणि पालक एकच. २०२३ मध्ये इलिनॉयने अशा मुलांचा कमाईतील हक्क मान्य करणारा देशातील पहिला कायदा केला. त्याची कल्पना एका शाळकरी मुलीने आपल्या लोकप्रतिनिधीपुढे मांडली होती, हे विशेष. कॅलिफोर्नियाने सप्टेंबर २०२४ मध्ये कूगन कायद्याचे संरक्षण या मुलांपर्यंत नेले आणि १ जानेवारी २०२५ पासून ते लागू झाले.

भारतातही या विचाराने आपली वाट काढली आहे. बालकामगारविषयक १९८६ च्या कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली आणि २०१७ च्या नियमांनी चित्रपट, मालिका, जाहिराती यांत काम करणाऱ्या मुलांसाठी स्पष्ट अटी घातल्या. चित्रीकरणाला जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला पाच तासांपेक्षा अधिक काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा अधिक नाही, सलग २७ दिवसांपेक्षा अधिक नाही. दर पाच मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती हवी. आणि मुलाच्या कमाईतील किमान २० टक्के रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत थेट जमा झाली पाहिजे, ती मूल सज्ञान झाल्यावर त्याला मिळावी. टक्केवारीत आपला नियम कॅलिफोर्नियाच्या पुढे आहे.

नियमाचे मोल अंमलबजावणीत असते, हे शर्ली टेंपल यांच्या रिकाम्या निधीने दाखवले आहे. मुंबईत, पुण्यात, कोल्हापुरात मुलांना चित्रीकरणाला नेणाऱ्या आईवडिलांनी पहिल्या दिवसाआधी निर्मात्याकडे एवढी एकच चौकशी करावी : परवानगीचा कागद कुठे आहे आणि ठेवीची पावती मुलाच्या नावाने कधी मिळेल?